टवका उडाला, गंज दिसला: गाडीच्या रंगाची दुरुस्ती आपल्या हाताने

खडा लागून रंगाचा टवका निघाला की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. काही जण त्याकडे वर्षभर नुसते बघत राहतात आणि मग तिथे तांबूस ठिपका दिसायला लागतो. काही जण त्याच दिवशी टचअपची बाटली आणून झाकणातल्या ब्रशने रंगाचा जाड थेंब ठेवतात आणि मोकळे होतात. तो थेंब मग कायम डोळ्यांत खुपतो. खरं तर हे काम अवघड नाही. अवजारं साधी आहेत, हात फार कसलेला असण्याचीही गरज नाही. सवड मात्र हवी, कारण यात हात चालवण्यापेक्षा वाळण्याची वाट बघण्यातच जास्त वेळ जातो.

सुरुवातीलाच एक ठरवून घ्या. पत्र्यापर्यंत पाणी पोचू न देणं हा या दुरुस्तीचा पहिला उद्देश. डाग दिसेनासा होणं त्यानंतर. हाताने भरलेला टवका दोन पावलांवरून दिसला नाही, तर मी ते काम चांगलं झालं असं धरतो. नाक टेकवून बघितलं तर तो दिसणारच, आणि तो पूर्ण नाहीसा करण्याच्या हट्टापायी लोक आजूबाजूचा चांगला रंग घासून खराब करतात.

रंगाखाली काय असतं

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर चार थर चढतात. सगळ्यात खाली गंजरोधक प्रायमर असतो. गाडीचा सांगाडाच टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवतात, म्हणून तो कानाकोपऱ्यातही पोचतो. त्यावर भरणीचा प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग, म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. ही सगळी चळत साधारण १०० ते १५० मायक्रॉनची असते, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त. खुद्द रंगाचा थर त्यात सगळ्यात पातळ, सुमारे १५ मायक्रॉन. क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा, घासताना ते उपयोगी पडतील. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमरच्याही आधी जस्ताचा मुलामा असतो. तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, त्यामुळे अशा गाडीवरचा उघडा टवका लगेच गंजत नाही. पण जस्तही संपतंच.

गंजाची खोड अशी की तो लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. टवक्याच्या कडेने तो रंगाखाली शिरला की रंग वर उचलला जातो, उचललेल्या फटीत आणखी पाणी जातं आणि पुन्हा गंज धरतो. म्हणून वर दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा आतला गंज नेहमी मोठा असतो. हवेत किंवा रस्त्यावर मीठ असेल तर हे सगळं फार झपाट्याने होतं.

आधी ओळख पटवा

गाडी नीट धुवून, वाळवून, तिरप्या उजेडात बघा. बॉनेटची पुढची कड, काचेच्या वरची छताची कड, आरशांच्या पाठी, मागच्या चाकांच्या पुढचा भाग आणि दाराखालच्या पट्ट्या या टवके उडण्याच्या नेहमीच्या जागा.

टवक्यावर बोट ओलं करून फिरवा. ओल असेपर्यंत खूण दिसेनाशी झाली तर इजा क्लिअर कोटपुरतीच आहे. तिथे रंग भरण्याची गरज नाही, पॉलिश किंवा क्लिअरचा एक थेंब पुरतो. आत एकसारखा करडा, पांढरट किंवा काळपट थर दिसला तर प्रायमर शाबूत आहे. हा सगळ्यात सोपा टवका. चकचकीत किंवा मळकट रुपेरी दिसलं तर पत्रा उघडा पडलाय. तपकिरी दिसलं तर गंज सुरू झालाय.

पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या गाडीवर कधी कधी सगळीकडे बारीक तांबडे ठिपके दिसतात आणि मालक घाबरून जातो. बऱ्याचदा हा पत्र्याचा गंज नसतोच. ब्रेकमधून किंवा रेल्वे रुळांजवळ उडणारे लोखंडाचे कण क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात आणि जागच्या जागी गंजतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. लोखंडाशी गाठ पडली की तो जांभळा होतो आणि धुतल्यावर ठिपके जातात. उरलेसुरले क्ले बारने, म्हणजे ओल्या रंगावरून फिरवायच्या मऊ मातीसारख्या वडीने, निघतात. खड्ड्याशिवाय नुसते ठिपके दिसत असतील तर सँडपेपर उचलण्याआधी हे करून बघा.

रंगाला फोड आलेला दिसला तर प्रकरण वेगळं. टवका नसताना फोड आला असेल तर गंज बहुधा आतल्या बाजूने बाहेर येतोय. दाराच्या खालच्या कडेवर आणि चाकाच्या कमानीवर हे हमखास दिसतं, कारण आत चिखल साठतो किंवा पाणी निघून जाण्याची भोकं बुजतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे हलकेच दाबून बघा. पत्रा लवचिक लागला, कुरकुर आवाज आला किंवा बोथट टोक आत गेलं, तर वरून रंग लावण्यात अर्थ नाही. तिथे पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

पुढच्या जागांवरचं काम नवख्याने हाती घेऊच नये: दाराखालच्या पट्टीत किंवा चासीत पोखरणारा गंज, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा, आणि पुढच्या काचेच्या रबराखालून डोकावणारा गंज. काच तिथल्या पत्र्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीचा काही भार तिच्यावर असतो, त्यामुळे ती काढूनच ते काम करावं लागतं. गाडी वॉरंटीत असेल आणि गंज आतून आला असेल तर काहीही करण्याआधी वॉरंटीची पुस्तिका वाचा. आतून आरपार गंजण्यावर बऱ्याच कंपन्या वेगळी हमी देतात, पण तुम्ही तिथे हात लावला असेल तर ती मिळवताना अडचण येऊ शकते.

रंग योग्य मिळाला पाहिजे

"पांढरा" किंवा "सिल्व्हर" म्हणून रंग मागू नका. प्रत्येक रंगाला कोड असतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर, बॉनेटखालच्या पत्र्यावर किंवा डिकीच्या तळाशी असलेल्या स्टिकरवर छापलेला असतो. नाही सापडला तर चासी नंबरवरून कंपनीच्या सेवा केंद्रात सांगतात. कोड जुळला तरी छटा थोडी वेगळी निघू शकते, कारण एकाच कोडचे उपप्रकार असतात आणि गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. म्हणून बाटली भरपूर हलवून पांढऱ्या कार्डावर एक ठिपका लावा, वाळू द्या, वर क्लिअर लावा आणि ते कार्ड गाडीला टेकवून उजेडात बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखे दिसत नाहीत, तेव्हा ओल्यावरून निर्णय घेऊ नका.

काळा, पांढरा, लाल असे साधे रंग चांगले जुळतात. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. कारखान्यातल्या फवाऱ्यात त्या आडव्या पसरून बसतात, काडीने ठेवलेल्या थेंबात मात्र कशाही पडतात. त्यामुळे टचअप थोडा गडद दिसतो आणि त्यावर काही इलाज नाही. मोतिया झाक असलेल्या काही रंगांना तीन थर लागतात: खाली एक रंग, मध्ये मोतिया थर आणि वर क्लिअर. अशा रंगासाठी दोन रंगांच्या बाटल्यांचा संचच घ्यावा लागतो. एकाच बाटलीत तो रंग देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सामान

गाडीचा शॅम्पू, रंग लावण्याआधी तेलकटपणा काढणारा क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबरची फडकी, मास्किंग टेप, लाकडी टूथपिक, अगदी बारीक टोकाचा चित्रकलेचा ब्रश, धातूसाठीचा प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट, गंज असेल तर रस्ट कन्व्हर्टर. वॉटर पेपर ३२०, ६००, २००० आणि ३००० नंबरचे, गंज नाण्याएवढा पसरला असेल तर ८० आणि १८० नंबरचेही. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.

एक वस्तू बहुतेकांकडे नसते, ती म्हणजे काचतंतूंचं टोक असलेली पेन. टवक्याच्या आतला गंज खरवडायला तिच्याइतकं नेमकं काहीच नाही. पण तिचे तंतू तुटून त्वचेत रुततात, म्हणून मोजे आणि चष्मा लावल्याशिवाय ती वापरू नका आणि पडलेली पूड फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. पेन नसेल तर कागदाला भोक पाडणाऱ्या पंचने वॉटर पेपरची चकती काढा आणि ती पेन्सिलच्या मागच्या रबरावर चिकटवा. टवक्याच्या मापाचं घासायचं अवजार तयार.

जागा सावलीची, धूळ आणि वारा नसलेली हवी. साधारण १५ ते २५ अंश तापमान उत्तम. पत्रा हाताला गरम लागत असेल तर थांबा, रंग टेकवताच वाळेल आणि पसरणार नाही. हवा दमट असेल तर क्लिअर पांढुरकं पडतं, तेव्हा पावसाळी दिवशी हे काम काढू नका. जवळपास सिलिकॉनचा फवारा मारू नका. टायर चमकवणाऱ्या किंवा डॅशबोर्डच्या पॉलिशचा बारीकसा तुषार जरी पत्र्यावर बसला तरी रंग तिथून बाजूला सरकतो आणि डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

टवका भरण्याची कृती

१. धुवा आणि तेलकटपणा काढा. शॅम्पूने धुवून, पूर्ण वाळवून, टवका आणि त्याच्या भोवतीचा वीतभर भाग क्लीनरने पुसा. एका फडक्याने लावा आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. नाहीतर मेण विरघळून पुन्हा तिथेच बसतं.

२. सुटलेला रंग काढा. टवक्याच्या कडेचा रंग बऱ्याचदा सुटलेला असतो पण जागेवर असतो. मजबूत टेप दाबून चिकटवा आणि झटक्याने ओढा. जो रंग यायचा तो येऊ द्या. टवका थोडा मोठा झाला तरी वाईट वाटून घेऊ नका, सुटलेल्या कडेवर लावलेला रंग तिच्याबरोबरच निघून जातो.

३. गंज खरवडा. पेनने किंवा पेपरच्या चकतीने आतला तपकिरी रंग जाऊन धातू चमकेपर्यंत. कडेच्या खाली शिरलेला गंजही काढायचा, त्यासाठी कड थोडी मागे खरवडावी लागली तरी चालेल. प्रायमर शाबूत असेल तर मात्र तो खरवडू नका. कारखान्यातल्या त्या थराइतका चांगला थर आपल्याला घरी चढवता येत नाही.

कितीही घासलं तरी खड्ड्यांत काळे ठिपके उरत असतील तर तिथे रस्ट कन्व्हर्टरचा अगदी छोटा थेंब ठेवा. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचं स्थिर संयुगात रूपांतर करतं. टॅनिकवालं वाळल्यावर निळसर काळं होतं. ते रंगावर सांडू देऊ नका आणि नंतर धुवायचं की तसंच ठेवायचं हे डब्यावर लिहिलेलं असेल तसंच करा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि आम्ल तसंच राहिलं तर काही प्रायमर, विशेषतः इपॉक्सी, त्यावर धरत नाहीत. कन्व्हर्टर हा घासण्याला पर्याय आहे असं जाहिरातीत भासवतात. सुट्या गंजावर तो लावून काही उपयोग होत नाही, कारण खालचा पोपडाच सुटतो.

४. पुन्हा क्लीनरने टिपा आणि त्यानंतर बोट लावू नका. उघड्या लोखंडावर गंज धरायला बोटाचा घामही पुरेसा असतो. उघडा पत्रा त्याच बैठकीत प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर उघडा राहिला तर सकाळी पुन्हा घासण्यापासून सुरुवात.

५. प्रायमर. फक्त जिथे धातू दिसतो तिथे. टूथपिकच्या टोकावर जेमतेम थेंब घ्या आणि टवक्याच्या मधोमध टेकवा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. खड्ड्याचा तळ झाकला की थांबा. खड्डा प्रायमरनेच भरून काढला तर रंगाला जागाच उरत नाही. बाटलीवर सांगितलेला वेळ वाळू द्या.

६. बेस कोट. बाटली निदान दोन मिनिटं हलवा, विशेषतः मेटॅलिक असेल तर, कारण चकत्या तळाशी बसलेल्या असतात. झाकणातला ब्रश विसरा, तो अशा बारीक कामासाठी फार जाड असतो. टूथपिकने किंवा बारीक ब्रशने थेंब टेकवायचा, ओढायचा नाही. रंगातलं द्रावण उडून गेलं की थर आक्रसतो. पहिल्या हातानंतर काठोकाठ वाटणारा टवका अर्ध्या तासाने पुन्हा खोल दिसतो, तो याचमुळे. घाईने एकच जाड थेंब भरला तर वरची साय वाळते, आतला रंग ओलाच राहतो आणि नंतर सुरकुतून खाली बसतो. दोन हातांमध्ये वीस ते तीस मिनिटं ठेवून दोन ते चार पातळ हात द्या. शेवटी रंग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच राहिला पाहिजे, वरची जागा क्लिअरची आहे.

७. क्लिअर कोट. तसेच पातळ दोन-तीन थेंब, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. इथे मात्र पृष्ठभागापेक्षा केसभर वर यायचं. तो उंचवटाच पुढे घासून सपाट करायचा असतो. काही साध्या रंगांच्या बाटल्यांत क्लिअर वेगळा लागत नाही, ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

मग गाडीकडे बघू नका. चोवीस तास ही अगदी कमीत कमी मुदत. मी आठवडा म्हणेन. हातांनी लावलेला टचअप वरून कडक वाटला तरी आतून मऊ असतो आणि मऊ रंगावर वॉटर पेपर फिरवला की तो अख्खा निघून येतो. या दिवसांत गाडी चालवायला हरकत नाही, फक्त जोराच्या पाण्याने धुऊ नका.

सपाट करणं

हा टप्पा ऐच्छिक आहे, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तो सोडून दिला तरी पत्र्याचं काही बिघडत नाही. बंपरवर किंवा दाराखाली असलेल्या टवक्यांसाठी मी तो करणारही नाही. बॉनेटच्या मध्यावर, गडद रंगावर असेल तर करावासा वाटतो.

२००० नंबरच्या पेपरचा बोटाच्या नखाएवढा तुकडा एखाद्या छोट्या, सपाट आणि कडक ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटाने घासलं तर बोट उंचवट्याभोवतीच्या चांगल्या रंगावर दाब देतं. पेपर आधी शॅम्पूच्या पाण्यात भिजवून घ्या. टवक्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. चार-पाच हलके हात मारा, पुसा, बघा. उंचवट्याचा माथा मंद पडतो आणि आजूबाजूचा भाग अजून चकचकीत असतो. दोन्ही एका पातळीवर येत चालले की टेप काढा, ३००० नंबर घ्या आणि नुसती ओरखड्यांची धार मोडा. मघाशी सांगितलेले ४०-५० मायक्रॉन इथे आठवा. भोवतालचा क्लिअर एकदा कमी झाला की तो परत येत नाही, आणि संपला तर रंग उघडा पडून काही काळाने फिका होतो. गाडीच्या अंगावरच्या धारदार रेषांवर आणि पॅनलच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे घासूच नका. पाण्यात रंगाची झाक दिसायला लागली तर ताबडतोब थांबा.

मग फडक्याच्या टोकावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हाताने चोळा, पुसा, नंतर पॉलिश. मशीनची गरज नाही. उलट मशीनची उष्णता नव्या रंगाला उचलून काढते.

नाण्याएवढा गंज

टवका वेळेत न भरल्यामुळे पसरलेला, पण आरपार न गेलेला गंज काडीने भरता येत नाही. तिथे फवाऱ्याच्या डब्यांचं काम. आधीच सांगतो, बॉनेटच्या मध्यावर असा डाग असेल तर डब्याचा जोड नजरेत येईल. तो सहन होणार नसेल तर पॅनल पेंटरकडे द्या. चाकाच्या कमानीखाली किंवा दाराच्या तळाशी असेल तर घरी करायला हरकत नाही.

८० नंबरच्या पेपरने गंज काढा. ड्रिलला लावायच्या तारेच्या ब्रशवर विसंबू नका. तो गंजाला चकाकी आणतो, धातूसारखा दिसायला लावतो आणि गंज खड्ड्यांत तसाच राहतो. चांगल्या रंगाची कड सापडेपर्यंत बाहेरच्या दिशेने जात राहा, डाग दुप्पट झाला तरी. मग १८० आणि त्यानंतर ३२० नंबरने कडांचा उतार करा. डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. पायरी राहिली तर ती वरच्या प्रत्येक थरातून दिसते.

लांबी, म्हणजे पुट्टी, उघड्या पत्र्यावर की प्रायमरवर, हा वाद पेंटर लोकांत चालतच राहील. तुमच्या पुट्टीच्या डब्यावर जे लिहिलंय ते करा. दोन गोष्टींवर मात्र वाद नाही: गंजावर पुट्टी कधीच लावायची नाही आणि पुट्टी उघडी सोडायची नाही. ती पाणी शोषून धरते आणि खालून पत्रा कुजतो. भोकावर पुट्टी थापून वर रंग मारलेली गाडी वर्षभरात पुन्हा फुगते.

झाकताना टेपची कड दुरुस्तीला लागून चिकटवू नका. टेप डागापासून दूर लावा आणि त्याची कड उलटी दुमडून थोडी उचललेली ठेवा, म्हणजे फवारा कडेला विरळ होत जातो आणि रेघ उमटत नाही. काचा, टायर, दिवे सगळं कागदाने झाका. तुषार वाटतो त्यापेक्षा खूप लांब जातो.

डबा दोन मिनिटं हलवा, आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. अंतर साधारण २० ते २५ सेंटिमीटर. बटण डागाच्या बाहेर दाबायचं आणि पलीकडे गेल्यावरच सोडायचं, हात मध्ये थांबवायचा नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यावा. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसत राहील. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, गरज असेल तर भरणीचा प्रायमर, तो वाळल्यावर ६०० नंबरने ओलं घासणं, पुसणं, मग बेस कोटचे दोन-तीन हात, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडं पुढे जाऊन. शेवटी क्लिअर, त्याहूनही पुढे. बेस कोटवर पेपर फिरवायचा नाही, विशेषतः मेटॅलिकवर.

क्लिअर दोन प्रकारचे मिळतात. साधा, आणि आत हार्डनरची कुपी असलेला, ज्याला टू-के म्हणतात. टू-के कितीतरी टिकाऊ असतो, पेट्रोलच्या थेंबानेही विरघळत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा तुषार फुप्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी किंवा धुळीचा मास्क त्यापुढे कुचकामी आहे. बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि नीट हवा खेळती असलेली बंदिस्त जागा नसेल तर टू-के फवारू नका. कुपी एकदा फोडली की डबा फार तर एक-दोन दिवस चालतो, तेव्हा तसाही तो चार टवक्यांसाठी परवडत नाही. साधे रंगही मोकळ्या हवेत, वाफांसाठीच्या फिल्टरचा मास्क लावून आणि आगीपासून दूर मारा.

लोखंड नसेल तर

टवक्याजवळ चुंबक धरून बघा. चिकटला नाही तर पॅनल ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं आहे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते आणि रंगाला किड्यांच्या वाटांसारखे फुगवटे येतात. त्यावर लोखंडी तारेचा ब्रश, लोखंडी लोकर किंवा याआधी लोखंडावर घासलेला पेपर वापरू नका, रुतलेले लोखंडाचे कण पुढची झीज सुरू करतात. रस्ट कन्व्हर्टरचा तिथे उपयोग नाही. ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेला प्रायमर घ्या.

प्लॅस्टिकच्या बंपरला गंजाची भीतीच नाही, त्यामुळे घाई नाही. आतलं प्लॅस्टिक उघडं पडलं असेल तर प्लॅस्टिक प्रायमर आधी लावा, नाहीतर रंग साल निघाल्यासारखा निघतो. बंपरच्या आड रडार असेल किंवा बंपरवर पार्किंगचे सेन्सर असतील तर त्यांच्या समोर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढवू नका, त्यांच्या कामात अडथळा येतो.

बिघडलं तर

थेंब मोठा झाला, छटा चुकली, केस अडकला, काहीही होवो, ओल्या रंगात बोट घालू नका. ताजा टचअप थिनर लावलेल्या फडक्याने पुसून निघतो. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, त्यामुळे झटकन पुसलेलं थिनर त्याला सहसा काही करत नाही. पण पॅनल पूर्वी कोणी रंगवलं असेल तर ही खात्री नाही, म्हणून आधी लपलेल्या जागी तपासा. खड्डा पुन्हा रिकामा झाला की पाचव्या पायरीपासून सुरुवात.

वाळलेला थेंब फक्त थोडा उंच असेल तर पुसून काढण्यापेक्षा सपाट करणंच सोपं. जुन्या पत्त्याच्या कार्डाभोवती सुती कापड ताणून बांधा, त्याला थिनरचा नुसता वास लागेल इतकंच लावा आणि थेंबाच्या माथ्यावरून एकाच दिशेने फिरवा. कापड ओलं झालं तर भरलेला रंग निघून टवका पुन्हा उघडा पडेल.

नंतरचं

नव्या रंगावर महिनाभर मेण किंवा सिलंट लावू नका, आतलं द्रावण अजून बाहेर पडत असतं. त्या महिन्यात पक्ष्यांची विष्ठा पडली तर लगेच पाण्याने भिजवून काढा. महिन्यानंतर दुरुस्तीची जागा बोटाने चाचपा. कडेला फोड किंवा तांबूस कड दिसली तर आत गंज राहिला होता, आणि तेव्हा वरून आणखी रंग लावण्यापेक्षा सगळं खरवडून पुन्हा करणं हाच मार्ग. दाराच्या तळाची भोकं वर्षातून एक-दोनदा पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळी करा.

बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावा, वर रंगाचा कोड आणि आणल्याची तारीख लिहा आणि ती उभीच ठेवा. फवाऱ्याचा डबा ठेवण्याआधी उलटा धरून, नुसता वायू येईपर्यंत दाबा, म्हणजे तोंड बुजत नाही. पुढच्या वेळी बाटली हलवूनही गुठळ्या मोडत नसतील तर थिनर घालून तिला जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नका, नवी आणा.